शिपयार्डातली प्लॅनिंगची नोकरी घेऊ का?

पत्र:

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या खेड्यातली. नांदेडला मेकॅनिकलची डिग्री यंदा पूर्ण झाली. दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. दुसरी कोकणातल्या एका खासगी शिपयार्डात, प्रोजेक्ट प्लॅनिंगमध्ये ट्रेनी म्हणून. तिथे दोन वर्षांचा बाँड आहे. पगार जवळपास सारखाच. ओढ शिपयार्डाची आहे, पण धीर होत नाही. मी नेव्हल आर्किटेक्चर शिकलेले नाही. कॉलेजचे सिनियर म्हणतात, प्लॅनिंग म्हणजे दिवसभर एक्सेल भरणं, खरं इंजिनिअरिंग विसरशील, आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटच करायचं तर आधी एमबीए कर. अण्णा म्हणतात, "आपल्यात कुणी समुद्र बघितला नाही, तू जहाज काय बांधणार? वाळूज बरं, शनिवारी गाडीत बसलं की घरी." दहा दिवसांत कळवायचं आहे.

उत्तर:

बाळा, शिपयार्ड घे. मी हिंगोलीकडचा. उमेदवारी शिपयार्डाच्या प्लॅनिंगमध्ये केली आणि केस तिथेच पिकले, त्यामुळे हे अंदाजाने सांगत नाही. मात्र होकार कळवताना एक मागणी आताच कर: पहिल्या वर्षातले निदान सहा महिने मला प्रॉडक्शनमध्ये, ब्लॉक शॉपवर आणि जहाजावर काम द्या. ती मान्य झाली तर तुझ्या सिनियरांची भीती तिथेच संपते. झाली नाही तरी नोकरी घे, फक्त मग रोजचा फेरफटका तुला स्वतःच्या हिमतीवर मारावा लागेल. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो.

जहाज आता खालून वर, एका जागी उभं राहून बांधत नाहीत. आधी त्याचे तुकडे करतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. प्लेट कापली जाते, तिचे पॅनल होतात, पॅनलचे ब्लॉक होतात, ब्लॉक क्रेनने उचलून स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर, किंवा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, एकमेकांना जोडतात. त्याला इरेक्शन म्हणायचं. पाइप, केबल ट्रे, व्हेंटिलेशनचे डक्ट, यंत्रांची फाउंडेशन, हे सगळं आऊटफिटिंग. यातलं शक्य तेवढं ब्लॉक जमिनीवर असतानाच बसवायचं असतं, आणि कोणतं काम कुठल्या टप्प्यावर उरकायचं हे प्लॅनिंगवाला ठरवतो.

शिपयार्डांत एक जुना ठोकताळा आहे: जे काम शॉपमध्ये एका तासात होतं, त्याला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि जहाज उभं राहिल्यावर आठ. आकडे यार्डागणिक थोडे बदलतात, पण दिशा तीच. कारण समजायला अवघड नाही. ब्लॉक शॉपमध्ये उलटा ठेवलेला असतो, म्हणजे जहाजात जे छत होणार ते पायाखाली असतं. वेल्डर उभ्याने, खाली बघत, उजेडात काम करतो. तेच काम ब्लॉक बसल्यावर करायचं तर तो शिडी उतरून, मॅनहोलमधून सरपटत, स्टेजिंगवर, म्हणजे कामापुरत्या बांधलेल्या मचाणावर, उताणा पडून, तोंडावर ठिणग्या घेत वेल्डिंग करतो. त्याला हवा द्यायला ब्लोअर लागतो, हॉट वर्क परमिट लागतं, बाहेर फायर वॉचर उभा करावा लागतो.

आता एक उदाहरण जवळून बघ. एका पाइपचा ब्रॅकेट आहे, तळहाताएवढा. ड्रॉइंग उशिरा आलं म्हणून तो ब्लॉकवर राहून गेला. महिन्याभराने कुणीतरी तो बल्कहेडला, म्हणजे पोलादी भिंतीला, वेल्ड करतो. भिंतीच्या पलीकडे बॅलास्ट टँक आहे, म्हणजे जहाज स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी भरतात ती टाकी. त्याचा रंग पूर्ण होऊन तपासणी झालेली, टँक बंद केलेला. वेल्डिंगच्या उष्णतेने पलीकडचा रंग जळतो. आता टँकचं मॅनहोल उघडा, हवा खेळवा, गॅस मोजा, आत जायचं सर्टिफिकेट घ्या, स्टेजिंग बांधा, जळलेला भाग घासा, रंगाचे थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या, जाडी मोजा, इन्स्पेक्टरची सही घ्या, स्टेजिंग काढा आणि परत बंद करा. ब्रॅकेटचं वेल्डिंग पाच-दहा मिनिटांचं. त्याने कितीतरी माणसांचे दिवस खाल्ले आणि ते दिवस कुणाच्याच शेड्यूलमध्ये नव्हते.

कॉम्प्युटरवर हा ब्रॅकेट म्हणजे एका ओळीतली बदललेली तारीख. पलीकडे टँक आहे आणि त्याचा रंग झालाय, हे ज्याने तिथे उभं राहून बघितलंय त्यालाच ती तारीख सरकवताना घाम फुटतो. तुझे सिनियर म्हणतात तसा नुसत्या ओळी भरणारा प्लॅनर असतो, खोटं कशाला बोलू. यार्डात त्याला कुणी विचारत नाही. फोरमन त्याला हव्या त्या तारखा देतो आणि तो टाइप करतो. तू तशी होऊ नयेस म्हणून प्रॉडक्शनच्या सहा महिन्यांचा आग्रह धरतोय.

इंजिन रूमचंही असंच. मेन इंजिन, गिअरबॉक्स, जनरेटर ही यंत्रं वर्षभर किंवा त्याहून आधी मागवावी लागतात. ती वरचा डेक बंद व्हायच्या आत खाली उतरली पाहिजेत. गिअरबॉक्स लांबला की तुझ्यासमोर दोनच वाटा: डेक उघडा ठेवून वरचे ब्लॉक थांबवायचे, किंवा डेक बंद करून नंतर कापायचा. कापायचा झाला तर त्या भागातून एकही केबल गेलेली चालणार नाही, हे आधी सांगावं लागतं. डिझाइन, खरेदी, हल (जहाजाचा सांगाडा), इलेक्ट्रिकल, पेंट शॉप अशा पाच खात्यांना एका टेबलावर बसवून हा निर्णय करून घ्यायचा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. यात इंजिनिअरिंग विसरायला सवड मिळत नाही.

कोकणातल्या यार्डात तुला आणखी एक गोष्ट लवकर शिकावी लागेल, ती म्हणजे पाऊस. रंग द्यायचा तर हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियस वर हवं. जून ते सप्टेंबर उघड्यावर हे जमवणं मोठं कठीण. झाकलेलं पेंट शॉप नसेल तर पावसाळ्यात पडणारी प्रत्येक रंगाची तारीख संशयाने बघायची. सी ट्रायल, म्हणजे जहाजाची समुद्रातली चाचणी, हीसुद्धा शक्यतो खवळलेल्या समुद्रात कुणी ठेवत नाही. अनुभवी प्लॅनर शेड्यूल हातात आलं की आधी हे चार महिने कुठे पडतात ते बघतो.

लॉन्चिंगला भरतीचं गणित. स्लिपवेवरून जहाज उतरवायचं तर टोकाशी पुरेसं पाणी लागतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच मिळतं. दिवस हुकला तर निदान पंधरवड्याची वाट. हे अण्णांना सांग, त्यांना लगेच उमजेल. वाफसा आल्याशिवाय तिफण घालून चालत नाही आणि वाफसा मोडला की बसा वाट बघत, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. तू तेच काम लोखंडाचं करणार आहेस.

जहाज पाण्यात उतरलं की बाहेरच्यांना वाटतं, झालं. आयएनएस विक्रांतच्या तारखा बघ. कोचीन शिपयार्डमध्ये कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, फेब्रुवारी २००९ मध्ये ठेवली, जलावतरण ऑगस्ट २०१३ मध्ये आणि नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला. पाण्यात उतरल्यानंतर नऊ वर्षं. ती विमानवाहू नौका, देशाने पहिल्यांदाच बांधलेली, त्यामुळे तिचं गणित वेगळं. पण सांगाडा दिसतो लवकर आणि वेळ जातो आतल्या कामात, हे लहान जहाजालाही लागू पडतं.

म्हणून आढावा बैठकीत कुणी "पाइपिंग नव्वद टक्के झालं" म्हणालं की तू विचार, कुठल्या सिस्टिमचं? सुरुवातीला काम ब्लॉकवार मोजतात, ते बरोबर आहे. शेवटच्या टप्प्यात ते सिस्टिमवार मोजावं लागतं. सगळ्या कंपार्टमेंटमध्ये मिळून नव्वद टक्के पाइप लागला असेल आणि तरी एकही लाइन टोकापासून टोकापर्यंत जोडलेली नसेल. लाइन पूर्ण नाही म्हणजे प्रेशर टेस्ट नाही, फ्लशिंग म्हणजे पाइप आतून धुणं नाही, पंप सुरू नाही. राहिलेले दहा टक्के नेमके सगळ्यात अडचणीच्या जागी असतात. असा एक प्रश्न नम्रपणे पण न चुकता विचारणारी ट्रेनी लोकांच्या लक्षात राहते.

तारखांना पैसाही चिकटलेला असतो. व्यापारी जहाजांच्या करारात रक्कम सहसा टप्प्यांनी येते: सही, पहिली प्लेट कापणं, कील, लॉन्चिंग, डिलिव्हरी. एक टप्पा लांबला की हप्ता लांबतो. डिलिव्हरी उशिरा झाली तर करारातला दंड लागतो. कीलच्या तारखेला तर कायद्याचा अर्थ आहे. जहाजाला सुरक्षेचे कोणते आंतरराष्ट्रीय नियम लागू होणार हे बऱ्याचदा त्या तारखेवरून ठरतं. कील ठेवली नसली तरी ५० टन किंवा एकूण सांगाड्याच्या पोलादाच्या एक टक्का, यातलं जे कमी असेल तेवढी जोडणी झाली की बांधणी त्या टप्प्याला पोचली असं धरतात. अशा तारखेवर तुझ्या विभागाची सही असते. कारकुनीत इतकी जोखीम नसते.

नेव्हल आर्किटेक्चर नसल्याची खंत करू नको. खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटी, कोचीनचं विद्यापीठ, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणम कॅम्पस अशा मोजक्या ठिकाणी ते शिकवतात आणि तिथून निघणारी मुलं बरीचशी डिझाइनकडे वळतात. यार्ड चालवणाऱ्यांत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवालेच जास्त भेटतात. तुला स्टॅबिलिटीची, म्हणजे जहाजाच्या तोलाची, मुळाक्षरं शिकावी लागतील, जनरल अरेंजमेंट (जहाजातली एकूण मांडणी) आणि मिडशिप सेक्शन (मधला आडवा छेद) यांचं ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, पाइपिंगचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग बघून तो पाइप जहाजात नेमका कुठून जातो ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. पोलादाबद्दलही नवीन आहे. जालन्याच्या मिलमधून बांधकामाच्या सळया निघतात, त्या तू बघितल्या असशील. जहाजाला लागते ती प्लेट, आणि तिच्यावर क्लासचा शिक्का लागतो. क्लास म्हणजे जहाजाचा दर्जा तपासून प्रमाणित करणारी संस्था. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, तिचं मुख्यालय पवईला. क्लासचा सर्व्हेअर येतो तेव्हा त्याच्यामागे हिंड. काय बघतो, काय नाकारतो, हे टिपून ठेव. यातलं बरंचसं वर्षभरात अंगवळणी पडतं.

एमबीए आता नको. जहाज कसं बांधतात हे माहीत नसताना प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पदवी घेतलीस तर परत ट्रेनीच्याच खुर्चीत बसशील, डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन. चार-पाच वर्षांनी गरज वाटली तर कर, तेव्हा वर्गात बोलायला तुझ्याकडे काही असेल. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, म्हणजे आज तो विषयच नाही. सर्टिफिकेट हवंच असेल तर सीएपीएम या त्याच्या खालच्या पायरीला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. तेसुद्धा रुजू झाल्यावर. प्रायमाव्हेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर तिथे गेल्यावर आपोआप येईल. संभाजीनगरला त्याचा महागडा क्लास लावायची गरज नाही. जायच्या आधी क्रिटिकल पाथ आणि पर्ट या वेळापत्रक मांडायच्या दोन पद्धती हातानं, कागदावर सोडवून जा. पर्टचा जन्मच १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून झाला, म्हणजे ती विद्या तू तिच्या माहेरीच घेऊन चालली आहेस.

वाळूज वाईट नाही. तिथे क्वालिटीत शिस्त लागते आणि ती आयुष्यभर पुरते. पण तिथे एकच भाग लाखांनी निघतो आणि चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. शिपयार्डात मालिकेतलं पहिलं जहाज हाच नमुना आणि हाच माल. पुढच्या काही वर्षांत काम वाढण्याची चिन्हं आहेत. जगातल्या जहाजबांधणीत आपला वाटा अजून एक टक्क्याच्याही आत आहे, तो वाढावा म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. माझगाव डॉकने बांधलेली सुरत ही विनाशिका, निलगिरी ही फ्रिगेट आणि वाघशीर ही पाणबुडी अशा तिघी १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. हे काम करणारी माणसं देशात आहेत, पण नियोजन समजणारी कमी आहेत.

तरी खासगी यार्ड आहे, म्हणून डोळे उघडे ठेव. हा धंदा तेजी-मंदीचा. एबीजी आणि भारती ही खासगी जहाजबांधणीतली एकेकाळची मोठी नावं, दोन्ही कंपन्या २०१९ मध्ये लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत मोडीत, गेल्या. एचआरला सरळ विचार: हातात किती जहाजांची ऑर्डर आहे, त्यांची डिलिव्हरी कधी, मी कुठल्या जहाजावर काम करणार? दोन वर्षं पुरेल एवढं काम नसेल तर त्या बाँडला अर्थ नाही. बाँडचा कागद सही करण्याआधी मागवून घे. मधेच सोडलं तर किती भरायचं, ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का, कंपनीने काढलं तर काय, हे वाच. डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, कितीही गोड बोलले तरी. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत घे.

मुलगी म्हणून काही गोष्टी मी स्पष्ट विचारायला सांगतो. जहाज ज्या बर्थवर आहे त्याच्या जवळ बायकांचं स्वच्छतागृह आहे का? कपडे बदलायला खोली? राहायची सोय कंपनीची की आपली, आणि रात्री उशीर झाला तर गाडी मिळते का? ट्रायलला रात्रभर जहाजावर राहायची वेळ आली तर महिला इंजिनिअरांना वेगळं केबिन देतात का? यात लाजायचं काही नाही. तिथे आधीच काम करणारी एखादी मुलगी असेल तर तिच्याशी फोनवर बोलायला मिळेल का, तेही विचार. तिचं उत्तर एचआरच्या दहा ई-मेलपेक्षा उपयोगाचं. आणि सेफ्टी शूज पायाच्या मापाचे मागून घे. बायकांच्या मापाचे नाहीत म्हणून मोठे बूट देतात आणि तेवढ्याने माणूस उभ्या शिडीवरून घसरतो.

जमिनीवर बोली हिंदी. फिटर आणि वेल्डर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडकडचे असतील, थोडे कोकणातले. त्यांना नावाने हाक मार आणि चहाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बस. कुठला ब्लॉक अडलाय हे तुला शेड्यूलच्या आठवडाभर आधी तिथे कळेल. रिपोर्ट आणि बैठका इंग्रजीत. आपल्याकडच्या पोरांचं तिथे अडतं, बुद्धी कमी म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून. रोज संध्याकाळी, आज यार्डात काय बघितलं, ते इंग्रजीत दहा ओळी लिहून काढ. सहा महिन्यांत फरक दिसेल.

आता अण्णांचं. सात पिढ्यांत कुणी समुद्र बघितला नाही हे खरं असेल. वालचंद हिराचंद सोलापूरचे, तिथेही समुद्र नाही. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांनीच शिपयार्ड उभं केलं आणि १९४८ मध्ये तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली. पण वडिलांना इतिहासाने पटत नाही, त्यांची काळजी वेगळी असते: पोर लांब जाते आहे आणि आपण तिथे लवकर पोचू शकत नाही. ती काळजी खरी आहे, तिला उत्तर दे. त्यांना सोबत घेऊन रुजू हो. सेलूवरून देवगिरी मुंबईपर्यंत नेते, पुढचा प्रवास दिवसाउजेडी कर. राहायची खोली त्यांना दाखव, तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाक. जमलं तर फाटकाबाहेरून का होईना, उभं असलेलं जहाज त्यांना बघू दे. एवढं मोठं काम आपली लेक करणार, हे बघितल्यावर बापाचं मन बरंच हलतं, मी अनेकांचं हललेलं पाहिलंय.

हे यार्ड काही कारणाने निसटलंच, तर हताश होऊ नकोस. अप्रेंटिसशिप कायद्याखाली पदवीधरांना एक वर्षाची संधी असते, तिची नोंदणी एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर होते. माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड, कोचीन शिपयार्ड यांच्या जाहिराती त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर येतात, त्या नियमित बघत जा. पैसे घेऊन यार्डात चिकटवून देतो म्हणणारे फोन येतील. एक रुपयाही देऊ नकोस.

दहा दिवस आहेत म्हणतेस. एचआरला ई-मेल उद्याच पाठव: प्रॉडक्शनचे सहा महिने, हातातल्या ऑर्डर, बाँडचा मसुदा, राहण्याची सोय. चारही गोष्टी एकाच पत्रात, साध्या इंग्रजीत. वाळूजला तोवर नकार कळवू नकोस. बाँडचा मसुदा आला आणि त्यातलं एखादं कलम समजलं नाही, तर नाव-गाव झाकून मला पाठव, मी बघून सांगतो.